नळांपर्यंतची पिवळी रेघ

दार उघडं असलं तरी टकटक करायची, आणि थांबायचं. दिवा लावण्याआधी "लावते हं" म्हणायचं, खोलीत कुणी नसलं तरी. किल्ल्यांचा जुडगा रुमालात गुंडाळून ठेवायचा, म्हणजे तो वाजत नाही. चहा पार निवल्यावर प्यायचा. जिना चढताना कठडा धरायचा नाही, भिंतीला हात लावून चढायचं. "का?" असं विचारायचं नाही, "काय झालं?" असं विचारायचं. "आलेच पाच मिनिटांत" म्हणायचं नाही. "हा चहा संपला की येते" म्हणायचं, आणि चहा संपला की खरंच जायचं. पर्समध्ये छोटी कात्री ठेवायची आणि कुणाच्या कॉलरमागे टोचणारं लेबल दिसलं की विचारून कापून टाकायचं. एकदा त्यांनी हेडसरांच्या स्वेटरचं कापलं. हेडसर दिवसभर मान हलवत फिरले आणि संध्याकाळी म्हणाले, इतकी वर्षं मला वाटत होतं की माझी मान दुखते.

विनोदावर सगळ्यांचं हसून झालं की मग त्या हसायच्या. एकट्या, सावकाश.

मुलं त्यांना हळूबाई म्हणायची. आधी पाठीमागे, मग भीड चेपल्यावर तोंडावर. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. पुढे पुढे फोन उचलल्यावर त्या स्वतःच "हळूबाई बोलतेय" म्हणायला लागल्या, तेही हळू आवाजात, की पलीकडच्याला दोनदा विचारावं लागे.

शाळा साधी होती. सरकारी, दुमजली, लांब व्हरांड्याची. व्हरांड्याच्या टोकाला खेळाचं सामान ठेवायची खोली होती. ती त्यांनी मागून घेतली, घासूनपुसून घेतली, खिडकीला जाड पडदा लावला, जमिनीवर गाद्या टाकल्या. जुन्या रबरी चेंडूंचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही. ज्या मुलाला वर्गातला आवाज, उजेड, गर्दी सोसेनाशी होईल त्याने तिथे जाऊन बसायचं. कुणाची परवानगी काढायची नाही. कारण नेमक्या अशा वेळी मुलांना विचारायला शब्दच सापडत नाहीत, हे हळूबाईंना माहीत होतं. म्हणून त्यांनी प्रत्येक वर्गाच्या दारापासून त्या खोलीपर्यंत भिंतीवर एक पिवळी रेघ ओढली होती. तळहाताएवढी रुंद, लहान मुलाचा हात सहज पोचेल अशा उंचीवर. रंगाचे इतके थर दिले होते की डोळे मिटले तरी बोटांना रेघेची कड लागायची. हात रेघेवर ठेवायचा आणि चालत सुटायचं.

शिपाईकाकांनी सुरुवातीला कुरकुर केली होती. "बाई, ही भिंत आहे का रस्ता?"

"दोन्ही," हळूबाई म्हणाल्या. "पुसताना भिंत समजा."

ही विद्या त्यांना दादांकडून मिळाली होती. दादा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ. लहानपणी दादा कुठल्याही नव्या घराच्या उंबऱ्यावर अडून उभे राहायचे. ओढलं तर किंचाळायचे. वडिलांनी मारून पाहिलं, आईने चुचकारून पाहिलं, शाळेतल्या मास्तरांनी हात टेकले आणि दादांची शाळा सुटली. स्वमग्नता हा शब्द तेव्हा त्यांच्या गल्लीत कुणी ऐकला नव्हता. घरात एकच शब्द होता, हट्टी. उपाय सापडला तो धाकट्या बहिणीला. ती आधी पळत आत जाऊन यायची आणि उंबऱ्यावर उभ्या भावाला सांगायची, आत एक पंखा आहे, तो करकरतो. एक आजी आहे, ती गालाला हात लावेल. मग बसायला सांगतील. हे ऐकून घेतलं की दादा शांतपणे आत जायचे आणि आजीने हात लावायच्या आधीच गाल पुढे करायचे.

पुढे जाऊन बघून यायचं, आणि सांगायचं. हळूबाईंचं काम सगळं या एका गोष्टीवर उभं होतं. प्रशिक्षण नंतर झालं, पदव्या नंतर आल्या. दादांनी रंगाच्या दुकानात नोकरी धरली. तिथे ते गिऱ्हाइकांना हव्या त्या छटा मिसळून देतात, अजूनही. दोघांनीही लग्न केलं नाही. एकाच घरात समोरासमोरच्या खोल्यांत दोघं राहिली. रेघेचा पिवळा रंग दादांनीच मिसळलेला.

ठिपका या शाळेत आली तेव्हा सात वर्षांची होती. जी गोष्ट बघून झाली तिच्यावर ती पेनने एक ठिपका द्यायची. टेबलावर, दारावर, एकदा झोपलेल्या वडिलांच्या कपाळावर. त्यावरून नाव पडलं. तिचे वडील दुधाची गाडी चालवायचे. आई कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायच्या मशीनवर होती. आधीच्या दोन शाळांनी ठिपकाला परत पाठवलं होतं. एकीने सांगितलं, मुलगी ऐकत नाही. दुसरीने सांगितलं, मुलगी बोलत नाही. आई हळूबाईंसमोर बसली तेव्हा तिने तिसऱ्यांदा परत न्यायची तयारी ठेवूनच मुलीला आणलं होतं. तिने पर्ससुद्धा मांडीवरून खाली ठेवली नाही.

हळूबाईंनी तिला एवढंच विचारलं की घरी ठिपका कधी खूश असते. तोवर तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी हळूबाईंनी ठिपकाला एक शब्द दिला. तुला आधी सांगितल्याशिवाय इथे काही बदलणार नाही. ठिपकाने तो शब्द ऐकला, जरा विचार केला आणि हळूबाईंच्या मनगटावर पेनने ठिपका दिला.

मुलगी रुळली. वर्गात तिच्यासाठी एक मदतनीस ताई असायची. ती शेजारी बसायची, ठिपकाच्या बाकावर दोन बोटं टेकवून. बोटं उचलली की आता काहीतरी बदलणार, अशी दोघींची खूण होती. शिपाईकाकांनी घंटेच्या लोलकाला कापड बांधलं. वर्गातल्या मुलांनी ठिपकाच्या पाठीमागून यायचं सोडलं, समोरून येऊ लागली. वर्षाअखेरीस ती वाचायला लागली. कधीतरी बोलायलाही लागली, आणि बोलली की खरं बोलायची, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत तिची धास्ती होती.

घोडं अडलं ते तपासणीपाशी. मदतनीस ताईची नेमणूक तात्पुरती होती. ती पुढे चालू राहायची तर सरकारी तपासणी केंद्राचा अहवाल लागणार होता. केंद्र एकच, आजूबाजूच्या सगळ्या गावांची मुलं तिथेच. नंबर लागायलाच वर्ष होत आलं. आणि हेडसरांनी आईवडिलांना आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं. मदतनीस नसेल तर चाळीस मुलांच्या वर्गात मी तिची जबाबदारी घेऊ शकत नाही. मग घरी बसवा, नाहीतर लांबच्या निवासी शाळेत पाठवा.

हेडसर माणूस वाईट नव्हता. मागे एकदा एक मूल शाळेतून बाहेर पळालं होतं आणि गाडीखाली येता येता वाचलं होतं. त्या दिवसापासून त्यांना झोप कमी होती.

नंबर लागला तसं हळूबाईंनी आपलं नेहमीचं काम केलं. त्या आधी एकट्या केंद्रात जाऊन आल्या. खोली पाहिली. खुर्च्या कुठल्या, खिडकी कुठे, टेबलावर काय मांडतात, डॉक्टर आधी काय विचारतात, सगळं मनात घेऊन आल्या. मग शांत खोलीत तसंच टेबल मांडलं, तसेच लाकडी ठोकळे आणले आणि डॉक्टर म्हणून शिपाईकाकांना बसवलं.

काकांना ही भूमिका फार आवडली. ते घरून चष्मा घेऊन आले. खुर्चीवर रेलून, घसा खाकरून, जड आवाजात त्यांनी विचारलं, "बाळ, मी कोण आहे?"

"तुम्ही घंटा वाजवता," ठिपका म्हणाली.

"आता मी डॉक्टर आहे."

"मग घंटा कोण वाजवणार?"

काका उठून घंटा वाजवून आले आणि पुन्हा डॉक्टर झाले. अशा तालमी बऱ्याच झाल्या. शेवटी शेवटी ठिपका काकांच्या प्रश्नांची उत्तरं प्रश्नाआधीच द्यायला लागली, दादा गाल पुढे करायचे तशी.

केंद्रातल्या दिवशी सगळं सुरळीत झालं. फारच सुरळीत. ठिपका टकटक करून आत गेली, थांबली, बसली. ठोकळे रचले. चित्रं ओळखली. डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून नाव सांगितलं. बाहेर आल्यावर आईने तिला डोळे भरून पाहिलं. तिच्या मते मुलीने झेंडा रोवला होता.

थोड्या दिवसांनी अहवाल आला. वागणूक वयाला साजेशी. संवाद समाधानकारक. वर्गात विशेष साहाय्याची गरज दिसत नाही.

आईने तो शेजारणीला वाचून दाखवला, बहिणीला फोनवर वाचून दाखवला. आनंदाने तिला रडू येत होतं. मग तो घेऊन ती शाळेत आली. हळूबाईंनी वाचला. पुन्हा वाचला. त्यांचा चहा तसाच राहिला आणि त्या दिवशी तो त्यांनी ओतून दिला. आईला कळेना की बाई बोलत का नाहीत. मग हेडसरांनी समजावून सांगितलं. गरज नाही म्हणजे मदतनीस नाही. आणि मदतनीस नाही म्हणजे काय, ते मी आधीच सांगितलंय.

आई तिथेच बाकावर बसली. हळूबाई तिच्या शेजारी बसल्या. "हे मी केलं," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांनी सारवासारव केली नाही.

मदतनीस ताई गेली. जायच्या आधी तिने ठिपकाला सांगितलं, चित्र काढून सांगितलं, बोटं उचलून सांगितलं. तरी ते सोपं गेलं नाही. ठिपका डबा उघडेनाशी झाली. मग बोलेनाशी झाली. सकाळी येऊन ती पिवळ्या रेघेला हात लावायची आणि सरळ शांत खोली गाठायची. वर्गात तिची पाटी कोरी राहायची. हेडसरांनी सत्र संपेपर्यंतची मुदत दिली, त्याहून पुढे त्यांचा धीर होईना. हळूबाई आपला तास संपला की तिच्या बाकाशी जाऊन दोन बोटं टेकवायच्या आणि तिथून पुन्हा आपल्या वर्गावर. जिना वर, जिना खाली. पायऱ्यांवर त्या मध्येच थांबायच्या. पण त्या मुळातच हळू होत्या, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

फेरतपासणी मागता येत होती. यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं की या वेळी तालीम नको. हेडसर म्हणाले, नुसती नेऊन उभी करा. मशीनवरच्या बायकांनी आईला सांगितलं, थोडी उपाशीही ठेव. शेवटी वडील आले. गाडी फाटकाबाहेर उभी करून, हात पुसत. ते फारसे बोलणारे नव्हते. हळूबाईंशी तर ते नेहमी जमिनीकडे बघून बोलायचे.

"बाई, तुम्ही तिच्यासाठी किती केलंय ते आम्हाला ठाऊक आहे. पण या खेपेला काही सांगू नका तिला. एकदाच रडू दे. त्या डॉक्टरांना दिसू दे, आम्ही काय बघतो ते."

बापाचं म्हणणं खोटं नव्हतं, ते हळूबाईंना कळत होतं. तसं केलं असतं तर काम झालंही असतं. पोरीला अनोळखी माणसांच्या गर्दीत, भगभगीत उजेडात उभं करायचं, आणि ती कोसळली की तो कागद हवा तसा येणार.

"मी तिला शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. "तो मी मोडला तर तिला मदत मिळेल. पण मग ती कुणाची मदत घेईल?"

वडिलांनी मान वर केली. मग पुन्हा खाली घातली. जाताना त्यांनी फाटक नेहमीसारखं आपटलं नाही.

हळूबाई पुन्हा केंद्रात गेल्या. या वेळी बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. बाक गच्च भरलेला. एक मूल भिंतीवर डोकं घासत होतं, एका आजोबांच्या मांडीवर एक उंचापुरा मुलगा मुटकुळं करून बसला होता. संध्याकाळी गर्दी ओसरली. डॉक्टर तरुण होते. डोळे सुजलेले, खिशात अर्धवट खाल्लेला बिस्किटांचा पुडा. हळूबाईंनी उघड्या दारावर टकटक केली आणि थांबल्या.

डॉक्टरांना ठिपका आठवत होती. ते म्हणाले की मी जे पाहिलं तेच लिहिलं.

"हो. तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी," हळूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही तिला तपासलंच नाहीत. मला तपासलंत. आणि मी पास झाले."

डॉक्टर हसले. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली.

हळूबाईंनी तालमीचं सगळं सांगितलं, शिपाईकाकांच्या चष्म्यासकट. डॉक्टरांनीही आपली अडचण लपवली नाही. खोली एक, माणूस एक, बाहेर एवढी रांग. मुलाने केंद्रात यायचं, असा नियम. त्यांनाही सुचलं ते तेच, की तिला या वेळी तयारीशिवाय आणा. हळूबाईंनी नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, मग ती पुन्हा पास होईल.

"होणारच. म्हणून तिला बोलावू नका. तुम्ही या."

डॉक्टरांनी कबूल काही केलं नाही. पण आपल्या एका रजेच्या दिवशी सकाळी ते शाळेच्या फाटकाशी उभे होते.

ठिपकाला आदल्या दिवशी सांगून झालं होतं. खरे डॉक्टर येणार, वर्गात मागे बसणार, तू नेहमीसारखी राहा. त्यावर तिने बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं होतं. विचारलं होतं, नेहमीसारखी म्हणजे चांगल्या दिवसासारखी का वाईट दिवसासारखी? हळूबाई म्हणाल्या होत्या, उद्याचा दिवस जसा असेल तशी.

आणि नेमका चांगला दिवस निघाला. तिने डबा उघडला. पाटीवर लिहिलं. गणिताच्या तासाला हात वर केला. हळूबाईंनी त्या दिवशी आपले सगळे तास दुसऱ्यांवर सोपवून तिच्या बाकावर दोन बोटं टेकवली होती. दारातून डोकावणारी आई पुटपुटली, आता पुन्हा तोच अहवाल येणार. डॉक्टर मागच्या बाकावर बसून पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. शिपाईकाका पाणी द्यायच्या निमित्ताने आत येऊन त्यांना निरखून गेले. नंतर त्यांनी व्हरांड्यात मत दिलं, हे डॉक्टर वाकून बसतात, मी रेलून बसायचो, म्हणून पोरगी गोंधळली नाही ना?

मधल्या सुट्टीत डॉक्टरांनी काही विचारलं नाही. ते ठिपकाच्या मागोमाग चालत गेले. तिचा हात रेघेवर होता. त्यांनीही आपला हात रेघेवर ठेवला, त्यासाठी त्यांना बरंच वाकावं लागलं. शांत खोलीत दोघं गाद्यांवर बसली, आणि दाराशी हळूबाई. मग डॉक्टरांनी बोलायला सुरुवात केली. बाईंची बोटं कशासाठी? ठिपकाने सांगितलं. घंटेला कापड का? सांगितलं. मुलं समोरून का येतात? तेही सांगितलं. एकेक करून ते सगळं विचारत गेले, आणि ती सांगत गेली.

"आणि ही रेघ नसली तर?"

ठिपका गप्प झाली. इतकी गप्प की बाहेर आईला वाटलं, संपलं आता. हळूबाईंनी मध्ये शब्द घातला नाही.

"मग घरी," ठिपका म्हणाली.

"घरी म्हणजे?"

"आधीच्या शाळेत रेघ नव्हती. मी घरी होते." मग तिने डॉक्टरांकडे न बघता पुढे म्हटलं, "ताई गेली. आता बाई दमतात. बाई जिन्यात बसतात. मी बघितलं."

हळूबाईंनी पदराने चष्मा पुसला. जिन्यातलं कुणाला कळलं नसेल असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या अहवालात डॉक्टरांनी मुलीला काय येतं आणि काय येत नाही, हे थोडक्यात लिहिलं. मग लिहिलं की ती वर्गात नीट शिकते ते कशाकशाच्या आधारावर, आणि यांतला प्रत्येक आधार म्हणजे तिची गरज समजावी. मदतनीस ताई परत आली. यायच्या आधी अर्थातच ठिपकाला सांगितलं गेलं. ताईने बाकावर दोन बोटं टेकवली. ठिपकाने दोन्हींच्या नखांवर ठिपके दिले. हेडसरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना चहा पाजला आणि हळूबाईंचा निवेपर्यंत स्वतःही थांबले.

गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. डॉक्टरांनी वरती लिहून लिहून केंद्रात एक नवी पद्धत सुरू करवली. मुलाला बोलावण्याआधी कुणीतरी त्याची शाळा बघून यायचं. आणि शिक्षकांना आधी हे विचारायचं, की तुम्ही या मुलासाठी रोज काय काय करता. त्यासाठी आणखी दोन माणसं मिळाली. रांग अजूनही आहे. पण बाहेरच्या बाकाजवळ आता एक पडदा लावलेली खोली आहे आणि तिच्याकडे जाणारी एक पिवळी रेघ. ती ओढायला हळूबाई रविवारी गेल्या होत्या. दादांनी रंग दिला.

एकदा डॉक्टरांनी त्यांना सहज म्हटलं की दादांचीही तपासणी करून घेऊ, आता मोठ्या माणसांचीही सोय होतेय. हळूबाईंनी घरी जाऊन दादांना विचारलं. दादांनी विचारलं, त्याने काय बदलेल? हळूबाई म्हणाल्या, तुला हट्टी म्हणत होते ते चूक होतं, एवढं कागदावर येईल. दादा रंगाचे हात धूत होते. ते म्हणाले, "तुला माहीत आहे ना? मग झालं."

ठिपका प्राथमिक शाळा पूर्ण करून मोठ्या शाळेत जाणार होती. रस्त्यापलीकडे मोठी इमारत, खूप वर्ग, खूप आवाज. हळूबाईंनी तिथल्या मुख्याध्यापिकांना गाठलं. जास्त बोलावं लागलं नाही, नाव आधीच पोचलं होतं. वाचनालयाशेजारची छोटी खोली मिळाली. सुट्टीत हळूबाई रोज थोडं थोडं काम करू लागल्या. आधी ठिपकाच्या नव्या वर्गापासून त्या खोलीपर्यंत लांब पट्टी धरून पेन्सिलीच्या दोन बारीक रेषा आखल्या. मुलांची उंची वाढलेली, म्हणून रेघ जरा वर घेतली. मग रंग. एक थर, वाळू द्यायचा, दुसरा थर. जिथवर रंग झाला तिथे खिळ्याला एक पाटी अडकवायच्या, "रंग ओला आहे. हात लावू नये." काम पुढे सरकलं की पाटीही पुढे सरकायची.

ठिपकाला त्यांनी आणून दाखवलं. हा वर्ग, हा कोपरा, हे पाण्याचे नळ, इथून वळायचं, ती खोली. शाळा सुरू व्हायच्या आत पुरी करते, म्हणाल्या.

शनिवारी रेघ नळांपर्यंत आली. त्यांनी पाटी नळांशेजारच्या खिळ्याला अडकवली, डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून बसवलं, ब्रश पाण्यात उभा केला. मुख्याध्यापिकांना सांगितलं, सोमवारी येते.

रविवारी सकाळी दादांनी त्यांच्या खोलीच्या दारावर टकटक केली. आणि थांबले. त्या घराची रीतच तशी होती. दादा खूप वेळ थांबले. दुपारी शेजारच्या काकू काहीतरी मागायला आल्या, त्यांनी दार ढकललं.

केंद्रातले डॉक्टर आले. म्हणाले, झोपेतच गेल्या. हृदय आधीपासून दमलेलं असणार. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी विचारलं, आणि लगेच त्यांनाच उमगलं, हळूबाईंचं हळू चालणं कुणाला वेगळं वाटणार.

ठिपकाला आईने सांगितलं. कसं सांगावं ते कळेना, म्हणून जसं आहे तसं सांगितलं. ठिपकाने ऐकून घेतलं. ती रडली नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाईंनी आधी सांगितलं नाही."



उरलेली रेघ पुरी करायला पुष्कळजण पुढे आले. मोठ्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी बाह्या सरसावल्या. शिपाईकाका रस्ता ओलांडून आले, आता निवृत्त, तरी चष्मा लावून. दादांनी दुकानातून त्याच पिवळ्याचा नवा डबा आणून नळांखाली ठेवला. सरांनी त्यांना म्हटलं, तुम्हीच ओढा की, तुमचा हक्क आहे. दादा म्हणाले, मी रंग मिसळतो, लावत नाही. आणि ते दुकानात परत गेले.

ठिपकाला विचारलं तेव्हा तिने मान हलवली. नको. बाई सोमवारी येते म्हणाल्या होत्या, असं काही ती म्हणाली नाही. तिला कळत होतं. फक्त नको म्हणाली. तेव्हा कुणी ब्रश उचलला नाही.

शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी प्रार्थनेनंतर वर्गात गलका झाला, बाकं सरकली. ठिपका उठली. तिने हात पिवळ्या रेघेवर ठेवला आणि चालत सुटली. कोपरा आला, नळ आले. तिथे रेघ संपली आणि पाटी होती. "रंग ओला आहे. हात लावू नये." तिने ती वाचली. मग भिंतीवरचा हात बोटभर बाजूला घेतला आणि तसाच हवेत धरून, भिंतीला कुठेही न लागू देता, पेन्सिलीच्या रेषांच्या कडेकडेने शेवटच्या दारापर्यंत गेली.

अजूनही ती तशीच जाते. पाटी त्याच खिळ्याला आहे. नळांखाली दोन डबे आहेत, एक दादांनी आणलेला, आणि एक अर्धा, झाकण अंगठ्याने दाबलेला.